जुन्या स्पोर्ट्स कारचे डोअर स्पीकर: पैसे स्पीकर लावण्याचे नाही, दार खोलण्याचे घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या गाडीचं दार खोलून स्पीकर बदलला. काम दिसलं, पण त्यामागचा हिशेब दिसला नाही. तो इथे लिहून देतो. कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं ठरवलं असेल तर पूर्ण वाचा. रिपेअरिंगचं दुसरं काही काम करत असाल, तरी शेवटचा हिशेब सोडू नका.

कोणी म्हणेल, वाशीममध्ये स्पोर्ट्स कार येणार कुठून? सॅन स्टॉर्मसारखी दोन सीटची, फायबर बॉडीची गाडी रोज दिसत नाही, मान्य. पण फियाट पालिओ १.६, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस अशा जुन्या दमदार गाड्या हौशी लोक सेकंडहँड घेतात आणि जिवापाड जपतात. असा ग्राहक दुकानात येतो आणि म्हणतो, "भाऊ, डाव्या दाराचा आवाज फाटते. लावाचे किती घेता?"

नवीन दुकानदार पटकन म्हणतो, "पाचशे द्या." इथेच धंदा हातचा जातो. का, ते बघू.

१. जुनं दार म्हणजे काय?

वीस वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक कडक होतं. डोअर पॅडच्या क्लिपा ओढल्या की तुटतात. बंद झालेल्या मॉडेलचं पॅड अकोल्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे पार्ट शोधावे लागतात, तेही मिळाले तर. म्हणजे हजार-दोन हजाराच्या स्पीकरसाठी तुम्ही न मिळणाऱ्या वस्तूला हात लावताय. आपल्यासारख्या गावात एक पॅड तुटलं तर ती बातमी तुमच्या बोर्डापेक्षा जास्त फिरते.

२. खोलण्याआधी तपासा

- आवाज फाटतो म्हणजे स्पीकरच गेला असं नाही. स्टीरिओच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरची अदलाबदल करा. फाटका आवाज दुसऱ्या दाराकडे गेला तर दोष स्टीरिओचा. तिथेच राहिला तर दोष स्पीकरचा किंवा वायरचा.
- दार हळूहळू उघडा-बंद करा. आवाज येतो-जातो असं झालं तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटलेली असू शकते.
- काच, लॉक, आरसा, सगळं ग्राहकासमोर चालवून बघा. पॅडवरच्या आधीच्या भेगांचे मोबाइलवर फोटो काढा.

हे सगळं एका कार्डावर लिहा आणि ग्राहकाची सही घ्या. नंतर "काच आधी चालत होती" हा वाद होत नाही.

३. स्पीकर निवडताना

फक्त ६ किंवा साडेसहा इंच एवढं बघू नका, मागची खोली मोजा. काच पूर्ण खाली केल्यावर ती चुंबकाला लागायला नको. बहुतेक गाड्यांत ४ ओहमचा स्पीकर चालतो, तरी जुन्या स्पीकरवरचा आकडा वाचून घ्या. खोक्यावरचे मोठे वॅट सोडा, आरएमएस वॅट बघा. साधा स्टीरिओ एका स्पीकरला साधारण १५ ते २० वॅटच देतो. ॲम्प्लिफायर नसेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ९० डेसिबलच्या आसपासचा स्पीकर सुचवा. कमी ताकदीत तो मोठा वाजतो.

४. काम करताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. स्टीरिओला कोड असेल तर तो आधीच विचारून ठेवा. सगळे स्क्रू शोधा, मगच प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपेच्या अगदी जवळून पॅड उचला. हाताने फिरवायच्या काचेचं हँडल असेल तर त्यामागे फडकं घालून घासत ओढा, आतली तारेची क्लिप निघून येते.

आतला प्लास्टिकचा कागद फाडून फेकू नका. दाराच्या आत पावसाचं पाणी उतरतंच. तो कागद ते पाणी पॅडपर्यंत येऊ देत नाही. खालची पाण्याची भोकंही मोकळी करा. स्पीकरखाली रिंग लागली तर साधं एमडीएफ वापरू नका, पाण्याने फुगतं. प्लास्टिकची घ्या.

जोडताना दीड व्होल्टच्या सेलने प्लस-मायनस तपासा. सेलची प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. एका दाराची जोडणी उलटी झाली तर बास पातळ होतो आणि ग्राहक म्हणतो स्पीकरच हलका दिला.

५. आता हिशेब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. महिन्याचं भाडं ७,०००, मदतनीसाचा पगार ११,०००, वीज-मोबाइल-किरकोळ ३,६००, तुमचा स्वतःचा पगार २०,०००. एकूण ४१,६०० रुपये. २६ दिवस रोज ८ तास धरले तर २०८ तास होतात. पण ग्राहकाची वाट बघण्यात निम्मे जातात. पैसे मिळवून देणारे तास उरले १०४. म्हणजे तुमचा एक तास ४०० रुपयांना पडतो.

नव्या गाडीची दोन दारं एका तासात होतील. जुन्या गाडीला तपासणी धरून साडेतीन तास धरा. झाले १,४०० रुपये. तुम्ही मजुरी ५०० घेतली आणि स्पीकरच्या जोडीवर ६०० सुटले, तर हातात आले १,१००. म्हणजे एकही क्लिप न तुटता ३०० रुपयांचा घाटा! आणि ग्राहकाने स्पीकर ऑनलाइन मागवून आणला, तर घाटा ९०० चा.

म्हणून कोटेशन तीन ओळीत द्या: स्पीकर ३,०००, वायर-रिंग-क्लिपा ४००, मजुरी १,४००. एकूण ४,८००. ग्राहक "जास्त होते" म्हणाला तर भाव पाडू नका, काम समजावून सांगा: "दादा, स्पीकर कुठेही मिळेल. तुमचं पॅड मिळणार नाही. मी ते सांभाळून काढण्याचे पैसे घेतो." गाडी जपणाऱ्या माणसाला ही भाषा लगेच कळते. ज्याला कळत नाही, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या एका तासाचा भाव काढा आणि तपासणी कार्डाचा एक नमुना वहीत आखा. मागच्या पाच कामांना तो भाव लावून बघा. कोणत्या कामाने तुम्हाला पोसलं आणि कोणत्या कामाला तुम्ही पोसलं, ते कागदावर दिसेल. उत्तर व्हिडिओखाली लिहा, पुढच्या भागात त्यावर बोलू.