पहिल्या गेमिंग संगणकासाठी मदरबोर्ड कोणता?

प्रश्न : घरीच गेमिंग संगणक जुळवायचा असून रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर ठरवला आहे. महाग मदरबोर्ड घेतल्यास गेम अधिक वेगाने चालतील का? जुनी डीडीआर४ रॅम वापरता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गेमचा वेग मुख्यतः ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर यांवर ठरतो; मदरबोर्ड हे भाग जोडतो व त्यांना वीज पुरवतो, त्यामुळे महाग बोर्डाने फ्रेमची संख्या वाढते हा समज निराधार आहे. आपल्या प्रोसेसरला २०२२ मध्ये आलेले एएम५ सॉकेट, म्हणजे तो बसवण्याची खाच, लागते आणि या सॉकेटच्या बोर्डांवर केवळ डीडीआर५ रॅम चालत असल्याने जुनी रॅम उपयोगी पडणार नाही. बी६५० चिपसेटचा, म्हणजे जोडण्यांचे नियंत्रण करणारी चिप असलेला, साधा बोर्ड ६५ वॅटच्या या प्रोसेसरला पुरेसा असून वाचलेली रक्कम ग्राफिक्स कार्डावर खर्च करणे निःसंशय श्रेयस्कर होय. वायफाय सर्वच बोर्डांवर नसते, हे खरेदीपूर्वी पाहावे.

खरी काळजी जोडणीच्या वेळी घ्यावी लागते, कारण एएम५ मध्ये नाजूक पिना प्रोसेसरवर नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात व त्या वाकल्यास दुरुस्ती कठीण असते. म्हणून प्रोसेसरवरील सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवून प्रोसेसर दाब न देता अलगद ठेवावा. त्याला धरून ठेवणारी सॉकेटची पट्टी बंद करताना थोडा जोर लागतो, त्याने घाबरू नये. रॅमसाठी चार खाचा असलेल्या बोर्डावर तिच्या दोन पट्ट्या सामान्यतः प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवतात.