टर्बो गाडीच्या कूलंट नळ्या : वेळीच दक्षता
अंकोल्याहून हुबळी-धारवाडकडे येताना अरबैल घाटाच्या चढणीवर टर्बो गाडीचे इंजिन विशेष तापते. टर्बोचार्जर धुराड्याकडे जाणाऱ्या उष्ण वायूंच्या जोरावर फिरतो. त्यामुळे त्याच्यालगतच्या रबरी नळ्या कालांतराने कडक होऊन तडकतात. जागा अडचणीची म्हणून त्या बदलण्याचे टाळू नये. कूलंट गळून गेल्यास इंजिन जाम होते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे. कूलंट भांड्यात काढून घ्यावे. ते चवीला गोड पण विषारी असते. गुरे-कुत्री चाटतील असे सांडू नये. आड येणारी हवेची नळी आधी काढावी. चिकटलेली जुनी नळी ओढू नये, जपून उभी चिरावी. नवी नळी नव्या क्लिपांसह बसवावी. कूलंट भरून आतील हवा काढावी व इंजिन चालवून गळती तपासावी.