वारशातला धोका आणि अंगातली ताकद

माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा ती ४२ वर्षांची होती. मावशीला तो आधीच होऊन गेला होता. पुढे जनुकीय चाचणीत माझ्यात आणि माझ्या भावात बीआरसीए-१ या जनुकातला तोच दोष सापडला. मला आजार झालेला नाही. गर्भनलिका आणि बीजांडकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मी करून घेतली आहे, स्तनांची तपासणी नियमित चालू आहे, आणि या सगळ्याच्या बरोबरीने व्यायाम चालू आहे. ज्यांच्या घरात असा वारसा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. व्यायामाने जनुक दुरुस्त होत नाही.

बीआरसीए जनुकं प्रत्येकाच्या शरीरात असतात. पेशीतला डीएनए तुटला की तो बिनचूक जोडायला मदत करणं हे त्यांचं काम. आपल्याला एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. त्यातली एक जन्मतःच बिघडलेली असेल तर सगळा भार दुसरीवर येतो, आणि एखाद्या पेशीत तीही बिघडली की तिथे कर्करोगाला वाट मिळते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, बीआरसीए-१मध्ये दोष असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२मध्ये दोष असलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के स्त्रियांना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. रोज सकाळी चालून हा आकडा पुसला जात नाही. ‘अमुक आसनं करा, जीन्स बदलतील’ असं कुणी सांगितलं तर तिथून उठून यावं.

२. पण जनुक तेच असूनही सगळ्यांचं भविष्य सारखं नसतं.

काही कुटुंबांतल्या स्तनाच्या कर्करोगाचा वारसा सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९० साली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं. त्यांचाच २००३चा एक अभ्यास आहे, न्यूयॉर्क भागातल्या अश्केनाझी ज्यू कुटुंबांवरचा. या समाजात बीआरसीएचे काही ठरावीक दोष जास्त आढळतात. दोष असलेल्या ज्या स्त्रिया १९४०च्या आधी जन्मल्या होत्या, त्यांच्यात पन्नाशीपर्यंत कर्करोग होण्याचं प्रमाण २४ टक्के होतं. १९४० नंतर जन्मलेल्यांमध्ये ते ६७ टक्के निघालं. दोष तेच, कुटुंबंही तीच, आणि दोन पिढ्यांत एवढी तफावत. त्या अभ्यासात असंही दिसलं, की किशोरवयात ज्यांच्या अंगाला व्यायाम होता आणि ज्या लठ्ठ नव्हत्या, त्यांना आजार उशिरा झाला.

हा संबंध दिसला आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. खाणंपिणं, मुलं होण्याचं वय, पाळी सुरू होण्याचं वय असं कितीतरी या दोन पिढ्यांमध्ये बदललं. पण ‘उशिरा’ या शब्दाचं मोल मला कळतं. आई दहा वर्षं उशिरा आजारी पडली असती, तर तेव्हा मी शाळेत नसते, नोकरीला लागलेली असते. तिला दवाखान्यात नेणारं कुणीतरी घरात कमावतं असतं.

३. ‘किती’ या प्रश्नाला उत्तर आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल सांगते, शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. मध्यम दम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतका. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कर्करोगाचा धोका जास्त असलेल्या, पाळी चालू असलेल्या स्त्रियांना घरी ट्रेडमिल देऊन एक चाचणी केली होती. एका गटाला आठवड्याला १५० मिनिटं, दुसऱ्याला ३००. व्यायाम जितका जास्त, तितकं शरीरातलं इस्ट्रोजेन आणि स्तनाच्या ऊतींवर दिसणारा त्याचा परिणाम कमी, असं त्यातून दिसलं. यातून कर्करोग टळतो असं ठरत नाही, तेवढ्यासाठी हजारो जणींवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागेल. पण चालण्याचा परिणाम तिथपर्यंत पोहोचतो, एवढं मला पुरेसं वाटलं.

घरकामाचं काय, असं बायका हमखास विचारतात. दम लागेल अशा जोराने फरशी पुसली, पाणी भरलं, तर ती हालचाल नक्कीच धरायची. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहण्याने पाय दुखतात, दम वाढत नाही. दमणं आणि दम वाढणं यांतला फरक आपल्या घरांत बायकांना कुणी सांगत नाही, आणि मग ‘दिवसभर राबतेच की’ म्हणत त्या स्वतःचा अर्धा तास सोडून देतात. तो अर्धा तास मागून घ्यावा लागतो. मी तो घरात भांडून मिळवला.

४. वजनाच्या काट्यापेक्षा दमाकडे बघावं.

वजनाला महत्त्व आहेच. पाळी गेल्यावर शरीरात जे इस्ट्रोजेन तयार होतं, ते बरंचसं चरबीच्या पेशींमध्ये होतं. पण काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्या फार दिसतात. जर्मनीत बीआरसीएचा दोष असलेल्या स्त्रियांसाठी व्यायाम आणि आहाराचा ‘लिब्रे’ नावाचा अभ्यास झाला, त्यात वजनाबरोबर हृदय-फुफ्फुसांची क्षमताही मोजली. आपल्याला एवढी यंत्रं नकोत. तिसऱ्या मजल्यावर पिशवी घेऊन चढल्यावर किती वेळात श्वास जागेवर येतो, ते बघावं.

५. ताकदीचे व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधी सुरू करावेत.

हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. बीआरसीए-१मध्ये दोष असलेल्या स्त्रियांना मुलं झाल्यावर, साधारण ३५ ते ४० या वयात, गर्भनलिका आणि बीजांडकोश काढायचा सल्ला देतात. दोष बीआरसीए-२मध्ये असेल तर ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी भरवशाची नियमित तपासणी नाही, त्यामुळे हा सल्ला टाळू नये. पण बीजांडकोश काढले की जी पाळी नैसर्गिकपणे हळूहळू थांबली असती, ती एका दिवसात थांबते. अंगातून वाफा निघतात, झोप मोडते. जे जाणवत नाही ते जास्त गंभीर असतं: हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. चाळिशीच्या आतल्या बाईचं शरीर साठीच्या वाटेला लागतं.

हाडांना भार लागतो, तरच ती टिकतात. म्हणून उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, डंबेल, जिने. मी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलं आणि शस्त्रक्रियेच्या कित्येक महिने आधी सुरू केलं. आधीची कमाई असली की नंतरच्या पडझडीत हाताशी काहीतरी राहतं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी कधी करायची आणि हार्मोनच्या गोळ्या आपल्याला चालतील का, हे दोन्ही प्रश्न शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना विचारावेत. आपण विचारल्याशिवाय पुष्कळदा तो विषय निघतच नाही.

६. मावशीचा हात.

मावशीच्या काखेतल्या गाठी काढल्या होत्या आणि तिचा हात सुजायचा. ‘या हाताने आयुष्यभर जड उचलायचं नाही’ असं तिला बजावलं होतं. तिने ते इतकं पाळलं की कळशी सोडाच, नातवंडंही त्या हाताने उचलली नाहीत. हात काडीसारखा झाला आणि खांदा आखडला. २००९ साली कॅथरीन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच हात सुजलेल्या स्त्रियांवर चाचणी केली. देखरेखीखाली, अगदी थोड्या वजनापासून हळूहळू वाढवत नेलं, तर सूज वाढत नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी होतात, असं त्यांना आढळलं. मावशीला सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, तेव्हाची समजूतच तशी होती. पण आजही तो जुना सल्ला घरोघर फिरतो आहे. आपल्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला फिजिओथेरपिस्टकडे जरूर न्यावं. मनाने वजनं उचलायला मात्र सांगू नये.

७. धावणारीनेही तपासणी चुकवू नये.

बीआरसीएचा दोष असेल तर साधारण २५व्या वर्षापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी सांगतात. ‘मी फिट आहे, मला काय होणार’ हे वाक्य या बाबतीत धोक्याचं आहे. तपासणीच्या आदल्या आठवड्यात मला फार भीती वाटते. त्या आठवड्यात मी जास्त चालते.

८. मुलींना खेळू द्यावं, चाचणीची वाट बघू नये.

हा वारसा फक्त आईकडून येतो, असा समज अजून आहे. तो बापाकडूनही तितकाच येतो. माझ्या भाचीला दोष मिळालेला असण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, कारण तिचा बाप माझा भाऊ आहे. वहिनीने विचारलं, हिची चाचणी आत्ताच करून टाकायची का? आम्ही टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात जनुकीय समुपदेशनाला गेलो होतो, तिथे हे बोलणं झालं. लहानपणी कळून तिच्यासाठी वेगळं काही करण्यासारखं नसतं, म्हणून तो निर्णय सज्ञान झाल्यावर तिने स्वतः घ्यायचा.

खेळाला मात्र चाचणीचा कागद लागत नाही. पाळी सुरू झाली की आपल्याकडे मुलींचं मैदान सुटतं. कधी कपड्यांचं कारण असतं, कधी अंधाराचं, कधी लोक काय म्हणतील याचं. आणि किंग यांच्या अभ्यासात ज्या वयाचं महत्त्व दिसलं, ते नेमकं हेच वय. भाची शाळेच्या खो-खो संघात आहे. दहावीला क्लासची आणि सरावाची वेळ एकच आली, तेव्हा वहिनीने क्लासची बॅच बदलून घेतली.