एका लिटरात मावणारा संगणक

आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. बीड जिल्ह्यातली नव्हे. हा घोटाळा नेहमी होतो, म्हणून आधीच सांगितले. येथे चैत्र सरला की पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. आजच्या पाठाचा संबंध या दोन्ही गोष्टींशी आहे.

जवळच्या एका शाळेत एकच संगणक होता, देणगीत मिळालेला, जुना आणि चांगला ऐसपैस. शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज त्यावरच भरायचे. सकाळी तो निमूट चाले. एप्रिल लागला की दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडे. अर्ज अर्धवट राही आणि वाडीवस्तीवरून आलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा पडे. "सर, व्हायरस असेल," असे मुले म्हणू लागली. मी डब्याला हात लावला, तेव्हा दोन गोष्टी एकदम कळल्या. डबा चांगलाच तापला होता आणि बोटांना बारीक झिणझिण्या येत होत्या. शिक्षकांनी वर्गणी करून १८,००० रुपये जमवले होते. त्यांत काय करता येईल, असा प्रश्न माझ्यापुढे आला.

आधी उष्णतेचे पाहू. ओहमचा नियम तुम्हाला ठाऊक आहे : विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. उष्णतेच्या वहनालाही असाच नियम लावता येतो. विभवांतराच्या जागी तापमानातील फरक घ्या, धारेच्या जागी वॉट आणि रोधाच्या जागी उष्णतेला होणारा रोध. प्रोसेसर ६५ वॉट उष्णता निर्माण करतो असे धरू. त्याच्यावरील धातूच्या पात्या स्वच्छ असताना रोध दर वॉटला ०.५ अंश असेल, तर तो डब्यातील हवेपेक्षा साधारण ३२ अंशांनी अधिक तापेल. पात्यांत धूळ बसली, मधला लेप वाळला आणि रोध ०.९ झाला, तर हाच फरक ५८ अंशांवर जातो. डब्यातील हवा खोलीपेक्षा ८ अंशांनी गरम असते असे समजू. मग सकाळी खोलीत २८ अंश असताना प्रोसेसरचे तापमान २८ + ८ + ५८ म्हणजे ९४ होते, आणि दुपारी ४० अंशांना १०६. बहुतेक प्रोसेसर शंभराच्या आसपास स्वतःला आवरतात. आधी मंदावतात आणि तरीही भागले नाही तर बंद होतात. सकाळी चालतो, दुपारी पडतो, याचे उत्तर एवढेच. व्हायरसचा यात काही संबंध नव्हता!

आम्ही पात्या ब्रशने झाडल्या, नवा लेप लावला आणि यंत्र दुपारीही चालू लागले. तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "मग सर, नवा कशाला घ्यायचा?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर बॅटरीत आहे. लहान यू.पी.एस.मध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. म्हणजे ८४ वॉट-तास. पण रूपांतरात ऊर्जा वाया जाते, आणि बॅटरी जोरात उपसली की ती पूर्ण क्षमता देत नाही. म्हणून निम्मी, ४२ वॉट-तास, हाती येते असे धरावे. जुने यंत्र ११० वॉट आणि पडदा २० वॉट, एकूण १३०. ही ऊर्जा १९ मिनिटांत संपते. एक अर्ज कागदपत्रांसह भरायला पाऊण तास लागतो. यंत्र २५ वॉटवर चालले, तर पडद्यासह ४५ वॉट होतात आणि वेळ मिळतो ५६ मिनिटांचा. शाळेला वेगवान संगणक नको होता, अर्ज पुरा होईपर्यंत टिकणारा हवा होता.

येथे थोडे मागे जाऊ. आपल्याकडे पैसा आणि सामग्री तुटपुंजी असताना संगणक घडवण्याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तरुणांनी १९५६ मध्ये आधी एक लहान प्रायोगिक यंत्र तयार केले आणि मग मोठ्याला हात घातला. ते १९६० मध्ये कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. एका नलिकेची तार तापवायला २ वॉट धरले, तरी नुसत्या तारांसाठी ५,४०० वॉट! मुख्य सांगाडा १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच, म्हणजे सुमारे १०,००० लिटर आकारमानाचा. स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करून आठाने भागा : १०,२४० बाइट. आज ८ जीबीच्या बोटभर पट्टीत अशा आठ लाखांहून अधिक स्मृती मावतात. आकडा पाहून टिफ्रॅकला हसू नये. त्यावर प्रत्यक्ष संशोधनाची आकडेमोड होत असे.

आता खरेदी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून कचेऱ्यांतून धडधाकट यंत्रे जुन्या बाजारात आली. त्यांत १८ × १८ × ३.५ सेंटिमीटरचे छोटे डबे मिळतात. आकारमान १,१३४ घन सेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढे. लिनक्स घातले की अर्जांच्या कामाला ही यंत्रे उत्तम, आणि पडदा मराठीतही दिसतो. आम्ही स्मृती व डिस्क नसलेला डबा घेतला आणि हे दोन्ही भाग वेगळे बसवले. पडदा, कळफलक जुनेच ठेवले. भाव सतत बदलतात, म्हणून रुपयांचा तक्ता देत नाही. पण वर्गणीचा मोठा वाटा डब्याला गेला, हे खरे.

डिस्कवर काटकसर करू नये. फिरती डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती जागा वाचक टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते : ४.२ मिलिसेकंद. टोक सरकण्याचा वेळ वेगळाच. एस.एस.डी.त फिरणारे काहीच नसते, त्यामुळे वेळ साधारण मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शावर येतो. जुने यंत्र नव्यासारखे वाटू लागते ते यामुळे.

लहान डब्यात ६५ वॉटचा प्रोसेसर बसवण्याचा मोह मात्र टाळावा. पात्या लहान, म्हणून रोध ०.९ धरू. ३५ वॉटला ३१.५ अंश, दुपारचे ४८ मिळवले की ८० पर्यंत जातो, चालेल. ६५ वॉटला काय होईल ते वर पाहिलेच. हवेचाही हिशेब करा. यंत्र पूर्ण भारावर ४० वॉट घेते आणि बाहेर पडणारी हवा १० अंशांनीच तापावी असे ठरवले, तर सेकंदाला ४० भागिले (१,००५ × १०), म्हणजे ०.००४ किलोग्रॅम हवा हवी. चाळीस अंशांना घनमीटर हवेचे वस्तुमान १.१३ किलोग्रॅम भरते. म्हणजे सेकंदाला साडेतीन लिटर. डब्यातील हवा सेकंदाला तीनदा बदलली पाहिजे! असा डबा कपाटात कोंडू नये, वर रुमाल तर मुळीच घालू नये.

राहिल्या झिणझिण्या. जुन्या डब्यातील एस.एम.पी.एस.मध्ये विजेच्या दोन्ही तारांपासून धातूच्या डब्यापर्यंत एकेक लहान कपॅसिटर असतो, नको असलेली कंपने जमिनीत सोडण्यासाठी. अर्थिंग नसेल तर डबा दोघांच्या मधोमध, सुमारे ११५ व्होल्टवर लोंबकळतो. कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा धरला, तर जमिनीवर उभ्या माणसातून २ × ३.१४ × ५० × ४.७ × १०⁻⁹ × २३०, म्हणजे ०.३४ मिलिअँपिअर धारा जाते. ती घातक नाही, पण तार सुटून डब्याला लागली तर पूर्ण २३० व्होल्ट येतील. भिंतीतील तिसऱ्या भोकात तारच जोडलेली नव्हती! नव्या यंत्राचा अडॅप्टर बाहेर असतो, आत फक्त १९ व्होल्ट जातात. तरीही आम्ही वर्गणीतून आधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घेतले. आणि एक ताकीद : एस.एम.पी.एस.चे झाकण विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. आतील मोठ्या कपॅसिटरवर २३० × १.४१४, म्हणजे ३२५ व्होल्ट असतात, आणि वीज काढल्यावरही काही काळ राहू शकतात.

डबा आता पडद्याच्या पाठीला स्क्रूने बसवला आहे. जुने यंत्र टंकलेखनाच्या सरावाला दिले. मुलांनी भिंतीवर तापमापी टांगून एक वही केली आहे. तीत रोज दुपारी दोनला खोलीचे आणि प्रोसेसरचे तापमान लिहितात. तुमच्या शाळेतही महिनाभर असे आकडे घ्या आणि दोन्ही तापमानांमधील फरकाचा आलेख काढा. काम सारखेच असून फरक हळूहळू वाढत गेला, तर ब्रश घ्यायची वेळ आली असे समजा.