अडलेल्या निपलवर जोर करू नकोस

अगं, पेडल मऊ लागतंय, दोनदा मारलं की मगच ब्रेक धरतो, असं तू म्हणालीस. आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘मागचे निपल गंजलेत, निघत नाहीत, पुढच्या चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून देतो.’ त्याला सरळ नाही म्हण. बाबांची मारुती 800 रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत बारा महिने उघड्यावर उभी असते. कोल्हापूरहून येताना तू तीच गाडी घेऊन आंबा घाट उतरतेस. पुढे नवं ब्रेक ऑइल आणि मागे वर्षानुवर्षांचं तेच जुनं, हे मला अजिबात पटत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. होजमधून, टाकीच्या झाकणातून थोडं थोडं पाणी आत मुरतच राहतं. डॉट 3 जातीचं नवं ऑइल निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही हमी 140 वर येते. लांबलचक उतारावर ब्रेक सतत दाबलेले राहिले की ते तापतात, आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. शिवाय तेच पाणी व्हील सिलिंडरला आतून गंज चढवतं. म्हणून मागचंही ऑइल बदलायलाच हवं, आणि त्यासाठी निपल सुटायला हवा.

निपल म्हणजे आतून पोकळ असलेला छोटा स्क्रू. त्याचं निमुळतं टोक आत बसतं आणि ऑइल अडवतं. ऑइल आट्यांमुळे अडलेलं नसतं. म्हणजे तो करकचून आवळायची कधीच गरज नसते. आणि पोकळ असल्यामुळेच गंजलेल्या निपलला झटका दिला की तो मधोमध तुटतो. मागच्या चाकाचा निपल बॅकप्लेटच्या आतल्या बाजूला असतो, चाकाने उडवलेला सगळा चिखल तिथेच बसतो. रबरी टोपी पडून गेली असेल तर भोकही मातीने बुजलेलं असतं.

पान्याला हात लावण्याआधी बाजारातून मागची व्हील सिलिंडरं आणि जास्तीचे निपल आणून ठेव. 2014 मध्ये ही गाडी बनायची थांबली, पण तिचे सुटे भाग अजून मिळतात. भाग हाताशी असला की निपल तुटायची धास्ती राहत नाही, आणि धास्ती नसली की हात घाईला येत नाही. तुटलाच तर सिलिंडर बदलायचं. गंजलेल्या जुन्या सिलिंडरमध्ये ड्रिल घालत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने निपलभोवतीची माती आणि गंज घासून काढ. गंज सोडवणारा स्प्रे आट्यांच्या मुळाशी मार आणि रात्रभर राहू दे. ड्रमच्या आत मात्र एक थेंबही जाऊ देऊ नकोस, लायनर भिजला तर तो टाकून द्यावा लागतो. सकाळी पुन्हा स्प्रे मार आणि निपलच्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलके ठोके दे. ठोक्याने आट्यांतला गंज तडकतो. मग सहा कडांचा गोटी पाना घट्ट बसवून घे. फिक्स पाना लावू नकोस, तो निपलच्या कडा खातो आणि एकदा कडा गोल झाल्या की पकड बसत नाही.

आता आधी आवळायच्या दिशेने केसभर फिरव. त्यानंतर सोडायच्या दिशेने. पुन्हा आवळ, पुन्हा सोड. हाताला ‘टक’ असं जाणवलं की तो सुटला. पाना स्प्रिंगसारखा वाकतोय आणि निपल जागचा हलत नाही, तर थांब. त्या वेळी ओढलंस तर तो नक्की तुटणार. निपलच्या भोकात अगदी बरोबर बसेल असा ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा आत घालून मग निपल फिरवला, तर पोकळ भाग पिचत नाही. ही युक्ती खूपदा कामी येते. गाडीवर बसलेल्या सिलिंडरला गॅसची ज्योत लावायची नाही. आतली रबरं जळतात, आणि काही ब्रेक क्लीनर तापले की विषारी वायू सोडतात.

निपल सुटला की पूर्ण काढ, बारीक तारेने भोक साफ कर. खूपदा निपल उघडलेला असतो, पण भोक बुजलेलं असल्यामुळे थेंबही येत नाही, आणि माणूस उगाच पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरवर संशय घेतो.

हवा काढायला दोघं लागतात. गाडी सपाट जागी, चाकांना ओट, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड लाव. डोळ्यांवर चष्मा हवाच. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे साधारण डावं मागचं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, काहींत मागे एकाच चाकाला निपल असतो, तेव्हा मॅन्युअल बघ. निपलला पारदर्शक नळी लाव, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडव. आतल्याने पेडल सावकाश दाबून धरायचं आणि ‘दाबलंय’ म्हणायचं. तू पाव फेरा उघड, ऑइल येऊ दे, बंद कर, आणि मगच ‘सोड’ म्हण. उघड्या निपलवर पेडल सुटलं तर तीच हवा परत आत जाते. काळ्या चहासारखं ऑइल जाऊन फिकट पिवळं यायला लागेपर्यंत हे चालू ठेव.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव. जुन्या मास्टर सिलिंडरच्या तळाशी कचरा आणि गंज साचलेला असतो. पेडल पार फ्लोअरला टेकवलं तर आतलं रबर त्यावर घासून फाटतं, आणि धडधाकट मास्टर सिलिंडर त्याच दिवशी कामातून जातं. टाकीतली पातळीही बघत राहा, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. डॉट 3 की 4, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डबा सीलबंदच घे, उघडून ठेवलेला नको. रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल यांचा हातही त्या टाकीजवळ नेऊ नकोस, रबरं फुगतात. बॉडीवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धू, रंग उठतो.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल अर्धा मिनिट जोर लावून धर. ते हळूहळू खाली सरकलं आणि बाहेर कुठे गळती नसली, तर मास्टर सिलिंडर आतून गेलंय, मग हवा काढत बसू नकोस. ऑइल स्वच्छ येतंय, बुडबुडे नाहीत, तरी दुसऱ्यांदा मारल्यावरच पेडल वर येत असेल तर मागचे ब्रेक शू ॲडजस्ट करायला झालेत. सगळे निपल पुसून नव्या रबरी टोप्या बसव आणि आधी गल्लीत धिम्या वेगाने चालवून बघ.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, तारीख बॉनेटच्या आत लिहून ठेव. आणि काम करताना कुठे अडलंस, निपल वाकतोय असं वाटलं, तर पुढचा झटका देण्याआधी मला फोन कर.