नोंदवहीतील नाव आणि नावामागील माणूस
(लाभार्थ्यांची ओळख व शासकीय अभिलेख यांचे रक्षण)

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यातील टेंभली या लहानशा आदिवासी गावी देशातील पहिले आधार क्रमांक तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत वितरित करण्यात आले. या उपक्रमाचा आरंभ खानदेशातील एका दुर्गम खेड्यातून व्हावा, यामागे निश्चित विचार होता. ज्याच्याजवळ जन्माचा दाखला नाही, घराचा उतारा नाही, मजुरीसाठी वर्षातील काही महिने गाव सोडावे लागते, अशा माणसालाही शासनाने ओळखले पाहिजे आणि त्याच्या वाट्याचा लाभ मधल्या कोणाच्या हाती न पडता त्याच्याच हाती पडला पाहिजे, हा तो विचार होय.

त्यानंतरच्या वर्षांत शिधावाटप, निराधारांचे अनुदान, शिष्यवृत्ती, अतिवृष्टीची मदत, पीकविमा असे बहुतेक सर्व लाभ या क्रमांकाशी आणि त्याला जोडलेल्या बँक खात्याशी निगडित झाले. १५ एप्रिल २०२५ पासून तर कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांकही राज्यात आवश्यक करण्यात आला. एका माणसाचे संपूर्ण व्यवहारी आयुष्य अशा रीतीने काही अंकांत सामावले आहे. हे अंक परक्याच्या हाती गेले तर काय घडते आणि ते जाऊ नयेत म्हणून ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या व तलाठी कार्यालयाच्या पातळीवर काय करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जुना रोग, नवे रूप

खोट्या नावांचा प्रश्न आपल्या प्रशासनाला नवा नाही. रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपटात न आलेल्या मजुरांची नावे घालण्याचे प्रकार जुन्या पिढीतील अधिकाऱ्यांना चांगले स्मरत असतील. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यातील शाळांची एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर असलेली सुमारे २० लाख मुले प्रत्यक्ष वर्गात आढळली नाहीत. अनुदान, शालेय पोषण आहार आणि शिक्षकांची पदे या सर्वांचा हिशेब त्या पटावर चालत होता. विशेष म्हणजे ही पडताळणी कोणत्याही यंत्राने केली नाही. मुलांच्या बोटाला शाई लावून माणसांनीच माणसे मोजली.

त्या काळातील गैरप्रकारात नाव खोटे असे आणि त्या नावामागे माणूस नसे. आताच्या गैरप्रकारात नाव खरे असते, क्रमांक खरा असतो, जमिनीचा गटही खरा असतो; केवळ पैसा घेणारा वेगळा असतो. हा फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. खोटे नाव शोधण्यासाठी गावात जाऊन विचारणे पुरेसे होते. खऱ्या नावाचा गैरवापर मात्र त्या नावाच्या धन्यालाही पुष्कळदा कळत नाही. एक रुपयात पीकविमा ही योजना राज्यात चालू होती, त्या काळात दुसऱ्याच्या, देवस्थानाच्या आणि शासनाच्याही जमिनीवर परस्पर विमा उतरविल्याची प्रकरणे उघडकीस आली. जळगाव जिल्ह्यात तर लागवडच नसलेल्या क्षेत्रावर केळीचा विमा काढल्याचे पडताळणीत दिसून आले. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीत पुढच्याच वर्षी चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे लाभ गेल्याचे आढळले.

चावी कोणाच्या हाती?

ओळख चोरीस जाते ती दूर कोठेतरी बसलेल्या अज्ञात चोराकडून, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. महाराष्ट्रात अलीकडे उघडकीस आलेली मोठी प्रकरणे पाहिली, तर कुलूप फोडण्याची वेळ आल्याचे क्वचितच दिसते. चावी कोणीतरी दिलेली असते, अथवा उघड्यावर ठेवलेली असते.

जालना जिल्ह्यात अंबड व घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या मदतीचे वाटप पात्र नसलेल्यांच्या खात्यांत झाल्याचे २०२५ मध्ये निष्पन्न झाले. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे लॉगिन व पासवर्ड हाताखालील कर्मचाऱ्यांनी वापरल्याची बाब त्या चौकशीत पुढे आली आणि अनेक तलाठ्यांवर कारवाई झाली. त्याच वर्षी नागपूर विभागात शालार्थ प्रणालीत बनावट ओळख क्रमांक निर्माण करून अपात्र व्यक्तींना शिक्षकांचे वेतन दिल्याचे प्रकरण गाजले. यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी ग्रामपंचायतीचे उदाहरण तर प्रत्येक पंचायत सदस्याने अभ्यासावे असे आहे. सुमारे दीड हजार लोकवस्तीच्या या गावच्या नावावर २०२५ च्या अखेरीस काही महिन्यांत सत्तावीस हजारांवर जन्मनोंदी झाल्याचे आढळले आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. गावात पाळणा हलला नाही, पण नोंदवहीत हजारो मुले जन्मास आली.

जन्मनोंदीचे महत्त्व आता पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा मानला जातो. शाळाप्रवेशापासून आधारपर्यंतच्या सर्व कागदांचे मूळ या एका नोंदीत असते. मूळ दूषित झाले की त्यावरील सर्व कागद खरे दिसूनही खोटे ठरतात.

या सर्व प्रकरणांत एक सवय समान दिसते. निबंधकाचा अथवा ग्रामसेवकाचा पासवर्ड संगणक परिचालकाला ठाऊक असतो. परिचालक रजेवर गेला की तो त्याच्या मदतनिसाला दिला जातो. कधी तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असतो. कामाच्या रेट्यात हे घडते, हे मान्य केले पाहिजे. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावे आणि डझनभर संकेतस्थळांचे काम असेल, तर केवळ परिपत्रक काढून ही सवय जाणार नाही. परंतु आपला शिक्का आणि कोरी सही असलेला कागद आपण कोणाकडे ठेवत नाही. पासवर्डचे मोल त्याहून कमी नाही, कारण त्यानंतर होणारी प्रत्येक नोंद कायद्याच्या दृष्टीने आपलीच असते.

नशिराबादसारख्या गावाचे उदाहरण

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावरील नशिराबाद हे गाव अनेक वर्षे मोठी ग्रामपंचायत म्हणून ओळखले जात होते. आता तेथे नगरपरिषद आहे. ग्रामपंचायतीची नगरपरिषद होते, तेव्हा कर आकारणीचा नमुना ८, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, घरकुलांच्या याद्या, दाखल्यांच्या स्थळप्रती असे सारे दप्तर एका व्यवस्थेकडून दुसरीकडे जाते. अशा हस्तांतरणाचा काळ अभिलेखांच्या दृष्टीने नाजूक असतो. कपाटे मोजून घेतली जातात, वह्यांची यादी होते, सह्या होतात. पण जुने लॉगिन बंद झाले की नाही, हे पाहण्याचे काम बहुधा कोणाच्याच यादीत नसते. ज्या गावाचे रूपांतर होत आहे तेथे, आणि कर्मचाऱ्याची बदली होते त्या प्रत्येक कार्यालयात, दप्तराच्या ताबेपावतीत चालू व बंद केलेल्या लॉगिनची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी. यास नवा खर्च लागत नाही.

अशा गावच्या बाजारपेठेत दुसरे दृश्य दिसते ते झेरॉक्सच्या दुकानाचे. नव्या योजनेची घोषणा झाली की तेथे रांग लागते. आधार, शिधापत्रिका, बँक पुस्तिका यांच्या प्रती निघतात. पुसट आलेली प्रत टोपलीत जाते आणि टोपलीतील कागद रद्दीत. कार्यालयात दाखल झालेल्या प्रतींचे भाग्यही फारसे वेगळे नसते. ज्या कामासाठी प्रत घेतली, त्या कामाचा उल्लेख व तारीख प्रतीवरच आडवी लिहून सही करण्याची जुनी पद्धत आजही उपयुक्त आहे. जेथे पूर्ण क्रमांकाची आवश्यकता नाही, तेथे केवळ अखेरचे चार अंक दिसणारे झाकलेले आधार पुरते. ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. क्रमांकाऐवजी सोळा अंकी आभासी क्रमांक देण्याचीही सोय आहे. अर्ज निकाली निघाल्यावर नको असलेल्या प्रती नियमानुसार नष्ट करणे, हे कार्यालयाचे काम आहे, रद्दीवाल्याचे नव्हे.

अंगठा आणि खाते

नुसता बारा अंकी क्रमांक कोणास कळला म्हणून खात्यातून पैसे निघत नाहीत, हेही लोकांना सांगितले पाहिजे. अन्यथा विनाकारण भीती पसरते. धोका निर्माण होतो तो क्रमांकाबरोबर अंगठ्याचा ठसा किंवा भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी परक्याला मिळाला तर. २०१८ साली तेलंगणात एका इसमाने जमिनीच्या नोंदणीदस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उतरवून त्यांची रबरी प्रतिकृती केली आणि त्यांच्या आधारे सिमकार्डे चालू केली. रबरी शिक्के बनविण्याचे साधे यंत्र त्याला पुरेसे झाले. यास्तव बोटांचे ठसे असलेला कोणताही दस्त छायाचित्र काढून भ्रमणध्वनीवर फिरवू नये. आधारच्या सोयीत आपले ठसे स्वतः कुलूपबंद करून ठेवता येतात, आणि गेल्या सहा महिन्यांत आपला क्रमांक कोठे पडताळला गेला याची यादीही पाहता येते. गावातील शिकलेल्या मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांची ही यादी अधूनमधून पाहून द्यावी.

खात्याविषयीही एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आधारावर आधारित अनुदान आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असे नाही. ते आधारशी सर्वांत अलीकडे जोडल्या गेलेल्या बँकेत जाते. २०१७ मध्ये एका दूरध्वनी कंपनीच्या बँकेत ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली आणि लक्षावधी कुटुंबांचे स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान तिकडे वळले. कोणी पैसे चोरले नव्हते. केवळ वाट बदलली होती. अनुदान आले नाही अशी तक्रार घेऊन कोणी बाई कार्यालयात आली, तर ‘पैसे पाठविले आहेत’ एवढे उत्तर देऊन तिला परत पाठवू नये. तिचा आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, हे प्रथम पाहावे.

याद्या लावाव्यात की लपवाव्यात?

येथे एक खरा पेच आहे. लाभार्थ्यांची यादी चावडीवर लागली पाहिजे, ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. त्यावाचून अपात्र नावे उघडी पडत नाहीत. गोपनीयतेचे निमित्त पुढे करून याद्याच दडविल्या तर गैरव्यवहार करणाऱ्यांचेच फावेल. उलट २०१७ साली झारखंडमध्ये दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक व बँक तपशील शासकीय संकेतस्थळावर उघडे पडले होते. तेथे पारदर्शकतेच्या नावाखाली घराची दारेच काढून ठेवल्यासारखे झाले. मार्ग यांच्या मधून जातो. नाव, गाव, योजना, मंजूर रक्कम व हप्ता हे फलकावर असावे; आधार क्रमांक, खाते क्रमांक व दूरध्वनी क्रमांक असू नयेत. आधार क्रमांक जाहीर प्रदर्शित करण्यास २०१६ च्या आधार अधिनियमाच्या कलम २९ नेच मनाई केली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित नियमांनुसार टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहे.

शाळांनाही हेच लागू होते. विद्यार्थ्यांची जात, आधार व पालकांचे खाते असलेले तक्ते शिक्षकांच्या व पालकांच्या भ्रमणध्वनी-गटांवर सर्रास टाकले जातात. शिष्यवृत्तीची घाई असते हे खरे; पण तो तक्ता किती हातांत गेला, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

पडताळणी कडक करावयाची म्हटले की तिचा भार प्रथम दुर्बलांवर पडतो, हेही विसरता येत नाही. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, दगडमातीचे काम केलेल्या म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र तिला ओळखत नाही. गाव मात्र तिला पन्नास वर्षे ओळखते. अशा वेळी डोळ्याच्या बाहुलीची पडताळणी, ओटीपी किंवा घरी जाऊन केलेली खात्री यांपैकी जी सोय त्या योजनेत असेल ती वापरावी आणि नकाराचे कारण लेखी नोंदवावे. अंगठा उमटला नाही, एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. त्याचप्रमाणे मृतांची नावे वेळेवर कमी होणे महत्त्वाचे आहे. आधार प्राधिकरणाने २०२५ च्या अखेरपर्यंत मृत व्यक्तींचे दोन कोटींहून अधिक क्रमांक निष्क्रिय केले. परंतु गावच्या मृत्यूनोंदीतून निराधार अनुदानाच्या व शिधापत्रिकेच्या यादीत तो बदल पोहोचविण्यास अजूनही तलाठी, ग्रामसेवक व रास्त भाव दुकानदार यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

गैरवापर झाल्याचे लक्षात आले तर वेळ दवडू नये. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, म्हणजे रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव असतो. आधारविषयी तक्रार १९४७ या क्रमांकावर करता येते. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-क खाली नव्हे, तर ६६-ग खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे; तक्रार लिहून देताना कलमाची ही चूक पुष्कळदा होते. बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. खातेदाराचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी रक्कम काढली आणि ते तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविले, तर त्याची हानी खातेदारावर पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरविले. या तीन दिवसांची गणना बँकेचा संदेश मिळाल्यापासून होते. म्हणून खात्याला जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक चालू आहे की बंद पडलेल्या जुन्या सिमकार्डाचा आहे, हे पुढच्या ग्रामसभेच्या दिवशी एका टेबलावर तपासून देता येईल.