न उघडणारे तोंड

कानाच्या किंचित पुढे बोट ठेवून तोंड उघडा. तेथे जबड्याचा सांधा हलताना जाणवेल. तो बिजागरीसारखा फिरतो आणि पुढेही सरकतो. झोपेत दात खाणाऱ्यांचा हा सांधा कधी कधी दुखू लागतो.

यवतमाळ जिल्ह्यात पानठेल्यांवर खर्रा घोटून मिळतो. सुपारी, तंबाखू व चुना ह्यांचे ते मिश्रण. तो नित्य चघळणाऱ्या काहींचे तोंड उघडेनासे होते. दोष सांध्याचा असावा असे वाटते. परंतु सांधा बहुधा निर्दोषच असतो. सुपारीतील अ‍ॅरेकोलीन ह्या द्रव्यामुळे गालांच्या अंतस्त्वचेखाली चिवट तंतू साचतात. आरंभी तिखटाने तोंड पोळते. मग गाल आतून पांढुरके व ताठ होतात. निरोगी मनुष्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. रोग बळावल्यावर एकही कष्टाने शिरते. मग भाकरीचा घास कसा घ्यावा?

१९५३ साली मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी ह्यांनी ह्या विकाराचे भारतात प्रथम वर्णन केले. पूर्वी ठपका बिचाऱ्या मिरचीवर येई. पुढील संशोधनाने तो सुपारीवर ठेवला. सुपारी सोडली तरी साचलेले तंतू सहसा विरत नाहीत, आणि काही रोग्यांना तेथेच कर्करोग होतो.